यमू कुणाच्या आवाजात बोलते?

एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या ब्राह्मण घरांमध्ये नवरा वारल्यावर बाईचं केशवपन करत, याला पुरावा काय? महाविद्यालयाच्या वर्गात हा प्रश्न टाकला तर पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. त्यातली यमू, तिचे ते शंकरमामंजी आणि त्यांनी जबरदस्तीनं करवलेलं तिचं केशवपन. ज्यांनी कादंबरी पुरती वाचलेली नसते त्यांनाही एवढा प्रसंग ठाऊक असतो. मग दुसरा प्रश्न येतो आणि वर्ग गप्प होतो. यमू नावाची ही बाई कधी जन्मालाच आली नाही. जी नव्हतीच तिच्यावर ओढवलेला प्रसंग पुरावा कसा ठरेल?

काही मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात. कादंबरी म्हणजे कल्पना, कल्पना म्हणजे खोटं, तेव्हा ती बाजूला ठेवावी आणि ‘खरी’ कागदपत्रं शोधावीत. ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. या दोहोंच्या मधल्या जागेत विद्यार्थी जे शिकतो ते माझ्या मते मानव्यविद्यांच्या शिक्षणातलं सर्वांत मोलाचं शिक्षण आहे. आपण मात्र त्याची वाटणी करून टाकली आहे. कादंबरी मराठीच्या तासाला, साधनं इतिहासाच्या तासाला. एकीकडे स्वभावचित्र रेखाटायचं, दुसरीकडे साधनांचे प्रकार लिहायचे. दोन्हीकडे मुळात एकच गोष्ट शिकायची असते: हे बोलतंय कोण, ते कुठे उभं राहून बोलतंय आणि त्याला हे कसं कळलं.

यमूपासूनच सुरुवात करू. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही सगळी कादंबरी यमूच्या तोंडून येते. आपल्या आयुष्याची हकीकत ती मोठेपणी आठवून सांगते आहे. म्हणजे पानावर एकाच वेळी दोन यमू असतात. एक लहान मुलगी, जिच्या डोळ्यांदेखत घरात काहीतरी घडतं आणि तिला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं. दुसरी त्या सगळ्यातून गेलेली बाई, जिला आता त्याचा अर्थ लागला आहे. आणि या दोघींच्या मागे तिसरा एक जण आहे: हरि नारायण आपटे. जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः सुरू झाली तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेला, इंग्रजी कादंबऱ्या पचवलेला, आगरकरांच्या सुधारकी विचारांच्या वातावरणात वाढलेला तरुण. तो एका विधवेचं आत्मचरित्र लिहितो आहे.

वर्गात यावर एक साधा उद्योग करता येतो. कादंबरीतलं कुठलंही एक पान घ्यावं आणि तीन रंगांच्या पेन्सिली. लहान यमूनं डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं जे असेल त्याखाली एक रंग. मोठ्या यमूनं मागाहून घातलेली समज, हळहळ, खुलासा याखाली दुसरा. आणि ज्या वाक्यात या दोघींपैकी कुणीच बोलत नसून समाजाला उद्देशून हरिभाऊच बोलतात असं वाटेल त्याखाली तिसरा. पहिल्या दोन रंगांबद्दल फारसे वाद होत नाहीत. तिसऱ्यावर मात्र वर्ग पेटतो. एक जण म्हणतो, हे बाईचं बोलणं नाही, हा सरळ ‘सुधारक’मधला अग्रलेख आहे. दुसरी म्हणते, का नाही? सोसलेल्या बाईला समाजाबद्दल मत असू नये का? मतं असायला पुरुषच लागतो का? हा वाद मिटवण्याची गरज नसते. तो चालू असताना मुलं न सांगता पुन्हा पुन्हा मजकुराकडे जातात, ‘या शब्दावरून मला असं वाटतं’ म्हणू लागतात. निवेदक आणि लेखक यांच्यातलं अंतर ही परीक्षेपुरती पाठ करायची व्याख्या राहत नाही.

आता हीच मुलं एखादं जुनं पत्र, बखर किंवा कोर्टातली जबानी वाचायला बसली की त्यांची पेन्सिल आपोआप तशीच चालते. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं कुठलं, ऐकीव कुठलं, मागाहून सुचलेलं कुठलं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला खूश करायला घातलेलं कुठलं. कादंबरीचा निवेदक ओळखायला शिकलेला वाचक इतिहासाच्या साधनाचा लेखक ओळखायला अर्धा शिकलेला असतो, असं म्हणायला माझी हरकत नाही.

मग या कादंबरीची साक्ष किती धरायची? इथे नेमकेपणा लागतो. अमुक वर्षी अमुक घरात अमुक बाईचं केशवपन झालं, याचा ती पुरावा नाही. किती बायकांचं झालं, तेही तिच्यावरून सांगता येत नाही. पण ती घरोघर जाणाऱ्या साप्ताहिकात आठवड्यामागून आठवडे छापली जात होती. वाचणारे त्याच पुण्यातले, तशाच वाड्यांमधले. सासुरवासाच्या चालीरीती, सोवळ्याओवळ्याचे नियम, बायकांनी कुणासमोर बोलायचं आणि कुणासमोर नाही, हे सगळं त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. त्यात खोट असती तर ती त्यांच्या लगेच लक्षात आली असती. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी साक्षीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जी मुद्दाम दिलेली असते, पुढच्या पिढ्यांनी ऐकावं म्हणून. दुसरी, जी साक्षीदाराच्याही नकळत त्याच्या तोंडून निघून जाते. दुसरीवर भरवसा जास्त. हरिभाऊंना विधवांचे हाल वाचकाच्या मनावर ठसवायचे होते, तेव्हा त्या प्रसंगांत रंग गडद झाला असण्याची शक्यता धरायलाच हवी. पण स्वयंपाकघरातली कामाची उतरंड, मुलीच्या शिकण्याला घरातून कुणाचा विरोध होई आणि कोणत्या शब्दांत होई, हे त्यांना सिद्ध करायचं नव्हतं. ते सहज आलं आहे. म्हणून कथानकापेक्षा कथानकाची पार्श्वभूमी इतिहासाच्या अभ्यासकाला जास्त कामाची असते. विद्यार्थ्यांना हे कळलं की ते कादंबरी उलटी वाचू लागतात, मुख्य पात्रांच्या खांद्यावरून मागे बघू लागतात.

हरिभाऊंना हे सगळं कळलं कुठून, हाही प्रश्न विचारायला हवा. पुण्यातल्या मोठ्या एकत्र कुटुंबात ते वाढले. लेखिका काशीबाई कानिटकरांशी त्यांचा स्नेह होता, साहित्यावर पत्रव्यवहार होता. पण बायकांच्या खोलीतलं जे बोलणं पुरुष दाराशी आला की थांबतं, ते त्यांच्या कानी किती पडलं असेल? याचा तपास करायला कादंबरीच्या बाहेर पडावं लागतं.

बाहेर पडल्यावर पहिली भेट होते ती दुसऱ्याच एका यमुनेशी. १८५७ साली, म्हणजे हरिभाऊंच्या जन्माच्याही आधी, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ निघालं. त्याची नायिकाही यमुनाच, आणि विषयही विधवांची स्थिती. ही यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. पदमनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. पुस्तकाचा कल कुठे आहे हे सांगायला नको. एखादा विद्यार्थी म्हणेल, मग हा प्रचार झाला, सोडून द्या. माझ्या मते सोडू नये. पदमनजींना हिंदू चालींवर बोट ठेवून धर्मांतराकडे न्यायचं होतं. हरिभाऊंना हिंदू समाज आतून सुधारायचा होता. दोघांचे हेतू वेगळे, मधे तेहतीस वर्षं. तरीही विधवांच्या छळाबद्दल दोघंही सारखंच बोलत असतील तर त्या सारखेपणाला वजन येतं. हेतू कळला म्हणून साक्ष फुकट जात नाही. कोणत्या बाजूला तिचा तोल जाईल एवढं कळतं, आणि तेवढी वजावट करून ती वापरता येते.

विरोधकांचं लिखाण तर याहून उपयोगी. केशवपन धर्मशास्त्राला धरून आहे असं जे हिरिरीनं सांगत होते ते चाल अस्तित्वात असल्याची कबुलीच देत होते. त्यांना हाल दाखवायचे नव्हते, म्हणून त्यांची कबुली मोठी. आणखी एक साक्ष मला फार बोलकी वाटते. १८९० च्या सुमाराला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं तिथे ठरलं. जे काम मुळात पदरी पडत नव्हतं ते सोडून देण्याचा ठराव कोण करेल? केशवपनाबद्दल विधवेची बाजू, सुधारकाची बाजू, शास्त्र्याची बाजू आपण ऐकतो. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याची बाजू या ठरावातून ऐकू येते.

आणि स्वतः विधवा काय म्हणतात? पार्वतीबाई आठवले यांचं ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झालं. विसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या कोकणातल्या बाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात पडल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, अमेरिकेलाही जाऊन आल्या. केशवपन झालेल्या या बाईंनी पुढे केस ठेवायचं ठरवलं, आणि त्या निर्णयावर लोक काय म्हणाले हे त्या सांगतात. यमू आणि पार्वतीबाई शेजारी ठेवून वाचताना वर्गातला आवाज बदलतो. यमूवर सगळं ओढवतं. पार्वतीबाई ठरवतात, भांडतात, फिरतात, चुकतात, पुन्हा उठतात. कादंबरीत विधवा ही करुणेचा विषय आहे, आत्मचरित्रात ती कर्ती आहे. वाचकाला पाझर फुटावा म्हणून हरिभाऊंनी यमूला किती असहाय केलं, हे पार्वतीबाईंना वाचल्यावर उमगतं. पण पार्वतीबाईंच्या पुस्तकालाही तोच प्रश्न विचारायचा. त्या प्रसंगानंतर कितीतरी वर्षांनी, एका संस्थेच्या कार्यकर्त्या म्हणून लिहीत आहेत. संस्थेत आल्यावर आयुष्याला मिळालेलं वळण मनात ठेवून त्या मागचं आठवतात. आठवण खोटी नसते, पण ती आजच्या जागेवरून होते.

रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या बाबतीत आणखी अवघड आहेत, आणि म्हणून आणखी शिकवणाऱ्या. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न एकतीस वर्षांच्या माधवराव रानड्यांशी झालं. विधवाविवाहाचा उघड कैवार घेणाऱ्या या न्यायाधीशानं पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी लग्न केलं, यावरून त्या काळी बरीच टीका झाली. रमाबाई पतीच्या मागे, त्यांच्याविषयीच्या अपार आदरानं लिहितात. रात्री चाललेली शिकवणी, त्यावरून घरातल्या बायकांनी केलेला जाच, हे त्या तपशिलानं सांगतात. स्वतः अकरा वर्षांच्या मुलीला त्या लग्नाबद्दल काय वाटलं असेल, हे मात्र आदराच्या आड बरंच झाकलं जातं. साधन काय सांगतं यापेक्षा ते काय सांगत नाही, आणि का सांगत नाही, हे वाचायला विद्यार्थी इथे शिकतो. कादंबरीनं त्याला आधीच तयार केलेलं असतं. लहान यमूला न कळलेलं वाचकाला कळतं, त्याच कौशल्यानं रमाबाईंनी न लिहिलेलं शोधायचं असतं. फक्त एक पथ्य पाळायचं. कादंबरीत रिकामी जागा लेखकानं मुद्दाम ठेवलेली असते, ती कल्पनेनं भरायला तो आपल्याला बोलावतोच. साधनातली रिकामी जागा रिकामी आहे एवढंच म्हणता येतं. तिथे आपली कल्पना घुसवली की इतिहास सुटतो आणि आपणच कादंबरी लिहायला लागतो.

याच सुमाराची एक खरी बाई तर हरिभाऊंच्याच वयाची होती. रखमाबाईंचा जन्मही १८६४ चाच. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठेपणी नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला आणि नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये कोर्टात गेला. न्यायमूर्ती पिन्हींनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करला, असं त्यांनी सांगितलं. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. खटला चालू असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं बालविवाहावर पत्रं आली होती, ती त्यांचीच. इकडे एक पुरुष बाईचा आवाज घेऊन आपल्या नावावर कादंबरी छापतो आहे, आणि तिकडे एका बाईला स्वतःचाच आवाज नाव झाकून छापावा लागतो आहे. कोणी कोणत्या नावानं लिहिलं, कोणत्या भाषेत, कुणी वाचावं म्हणून, हे बाहेरचे तपशील वाटतात. त्या काळी बाईला बोलायला कुठे जागा होती आणि कुठे नव्हती, हे त्यांच्यावरूनच कळतं.

रखमाबाईंमुळे आणखी एक गोष्ट वर्गापुढे येते. त्यांच्या आई जयंतीबाई विधवा होत्या आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या लग्नाला आडकाठी नव्हती. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट लागत असे. म्हणजे ‘एकोणिसाव्या शतकातली मराठी स्त्री’ असं म्हणून आपण यमूची कहाणी सांगतो तेव्हा एका लहान वर्गाचं दुःख सगळ्यांच्या नावावर मांडतो. यमूचं दुःख त्यामुळे कमी होत नाही, पण साधनाची पोच किती हे ध्यानात ठेवावंच लागतं. इतरांची दुःखं निराळी होती. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ताबाई नावाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. तिच्या निबंधात वैधव्य हा मुख्य प्रश्नच नाही. तिथे प्रश्न आहे तो माणूस म्हणून जगू देण्याचा. शाळेत शिकणाऱ्या मुलांना मी हा निबंध आवर्जून वाचायला देईन, कारण त्यांच्याच वयाच्या मुलीनं लिहिलेला मजकूर इतिहासाचं अस्सल साधन ठरला आहे.

आता एक अमेरिकेतला प्रयोग सांगतो, कारण कादंबरी आणि साधन एकाच टेबलावर ठेवून तो केला होता. सॅम वाइनबर्ग हे शिक्षणाचे अभ्यासक. त्यांनी आठ इतिहासकार आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातली आठ हुशार मुलं घेतली. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन गावात झाली, तिच्याविषयीचे आठ उतारे प्रत्येकाला मोठ्यानं विचार करत वाचायला दिले. त्यांत साक्षीदारांच्या जबान्या होत्या, एका ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी होती, शाळेच्या पाठ्यपुस्तकातला उतारा होता आणि हॉवर्ड फास्ट यांच्या ‘एप्रिल मॉर्निंग’ या कादंबरीतलाही एक उतारा होता. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. इतिहासकार जवळजवळ प्रत्येक वेळी मजकुराला हात घालण्याआधी तो कुणाचा, कधीचा, हे बघत. मुलं वरपासून खाली वाचत जात आणि लिहिणाऱ्याचं नाव आलंच तर शेवटी येई. तीनांतून जेमतेम एका वेळी त्यांनी त्याची दखल घेतली. आणि सगळ्यांत विश्वासार्ह काय, असं विचारल्यावर मुलांनी पाठ्यपुस्तकाला वरचं स्थान दिलं. इतिहासकारांच्या यादीत ते अगदी खाली होतं.

त्यातले काही इतिहासकार अमेरिकी क्रांतीचे जाणकारही नव्हते. एखाददुसऱ्या मुलाला त्या युद्धाची माहिती त्यांच्याहून जास्त होती. फरक माहितीचा नव्हता. पाठ्यपुस्तकाला लेखक असतो, त्यालाही कुठेतरी उभं राहून बोलावं लागतं, हेच मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यात ‘मी’ नसतो, शंका नसते, म्हणून ते सत्याचाच आवाज वाटतं. कादंबऱ्या वाचलेल्या मुलाला खरं तर हे ओळखता यायला हवं. सगळं जाणणारा, स्वतः कुठेही न दिसणारा निवेदक ही तर कादंबरीतली जुनी युक्ती.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी नाही. बालभारतीच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ असतो, आणि ही स्तुत्य गोष्ट आहे. पण वर्गात त्याचं होतं काय? भौतिक, लिखित, मौखिक अशी वर्गवारी पाठ होते, ताम्रपट कशात आणि पोवाडा कशात एवढं विचारलं जातं. एकाच घटनेची दोन न जुळणारी साधनं मुलांपुढे ठेवून ‘यातलं कुठलं जास्त धराल आणि का?’ असं क्वचितच कुणी विचारतं. तो पाठ पहिला असतो आणि पुढचे सगळे पाठ तो जणू नव्हताच अशा थाटात सांगितले जातात.

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत तर याची आपल्याला फारच गरज आहे, कारण मराठी माणसाचा इतिहास बराचसा कादंबऱ्यांतून घडला आहे. बुराडी घाटावर जानेवारी १७६० मध्ये पडताना दत्ताजी शिंद्यांनी दिलेलं ते जिद्दीचं उत्तर घ्या. महाराष्ट्रात ते ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. ते आलं बखरीतून. विद्यार्थ्यानं एवढंच विचारावं: ते शब्द बोलले गेले तेव्हा जवळ कोण होतं आणि त्यातलं कोण जिवंत परतून सांगायला आलं? याचा अर्थ दत्ताजी शूर नव्हते असा मुळीच नाही. ते लढता लढता पडले, यात शंका नाही. पण शौर्याची घटना आणि शौर्याचं वाक्य यांना पुरावा वेगवेगळा लागतो. शिवचरित्राच्या बाबतीतही सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली बखर आणि मल्हार रामराव चिटणीसानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली बखर एकाच तराजूत घालून चालत नाही. रणजित देसायांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावना आहे. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट कथेत शिरतात. विद्यार्थ्यांना ती आधी वाचायला लावावी. साधनांचा काथ्याकूट करणारा विचारवंत आणि त्याच साधनांतून माणूस उभा करणारा कादंबरीकार एकाच पुस्तकात भेटण्याचा असा योग दुसरीकडे सहसा येत नाही.

वाइनबर्ग यांच्या पुढच्या कामात एक वेगळीच गोष्ट दिसली. सारा मॅकग्र्यू यांच्यासह २०१७ मध्ये त्यांनी पंचेचाळीस जणांना संकेतस्थळं पारखायला दिली. त्यांत दहा इतिहासकार, बातम्यांची शहानिशा करणारे दहा व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. नावं सारखी वाटणारी, पण एक हजारो डॉक्टरांची जुनी संघटना आणि दुसरी तिच्यातून मतभेदानं फुटलेला छोटा गट. इतिहासकारांपैकी आणि विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण त्या पानावरच रेंगाळले, मांडणी नीटनेटकी आहे का, संदर्भ दिले आहेत का, हे बघत बसले आणि फसले. शहानिशा करणारे काही क्षणांत त्या पानाबाहेर पडले आणि ही संघटना कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे आधी शोधून मग परत आले. जुनं पत्र वाचताना कामी येणारी सवय इथे अपुरी पडली. जुना कागद आपल्याला गळाला लावण्यासाठी लिहिलेला नसतो, पडद्यावरचं पान पुष्कळदा असतं.

महापुरुषांच्या नावानं फिरणारी वचनं मुलांच्या फोनवर रोज येतात. सावित्रीबाईंचा फोटो, खाली दोन ओळी, पुस्तकाचं नाव नाही, साल नाही. त्या ओळी कितीही पटल्या तरी त्या त्यांच्याच आहेत हे त्यावरून ठरत नाही. इथे मराठीच्या शिक्षकाला इतिहासाच्या शिक्षकाइतकंच करता येण्यासारखं आहे. १८५० च्या दशकातलं मराठी गद्य मुलांनी थोडं जरी वाचलेलं असेल, मुक्ताबाईंचा निबंध, पदमनजींचं एखादं प्रकरण, तर आजच्या वर्तमानपत्री भाषेतलं ‘वचन’ त्यांच्या कानाला लगेच खटकेल. शैलीची ओळख हे पारखीचं हत्यार आहे. ते कादंबरीच्या तासालाच घडतं, दुसरीकडे कुठे नाही.

गुण देण्याच्या पद्धतीतही थोडा बदल करावा लागेल. यमू, पार्वतीबाई, रमाबाई आणि लोखंड्यांच्या सभेतला ठराव यांच्याविषयी पानभर माहिती देऊन ‘१८९० च्या सुमारास पुण्यात केशवपन झालेल्या विधवांचं प्रमाण किती होतं?’ असं विचारावं. जो विद्यार्थी या चौघांपैकी कुणावरूनही प्रमाण काढता येत नाही असं लिहील, आणि त्यासाठी जनगणनेचे तक्ते पाहावे लागतील, पण त्या तक्त्यांत विधवा किती हे कळलं तरी केशवपन किती हे कळणार नाही असं पुढे जोडील, त्याला पैकीच्या पैकी द्यावेत. आज अशा उत्तरावर ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो.